वक्ष

मान आणि उदर यांच्या दरम्यान असलेल्या धडाच्या भागास वक्ष किंवा छाती म्हणतात. व्यवहारात ‘छाती’ हा शब्द बहुधा या भागाच्या पुढील पृष्ठभागास उद्देशून वापरला जातो. शारीरात (शरीररचनाशास्त्रात) मात्र पुढील, मागील व बाजूंच्या भित्ती, तळाशी असलेले मध्यपटल आणि या सर्वांनी वेढलेल्या पोकळीतील इंद्रिये या सर्वांचा समावेश वक्षात होतो. हृदय, फुप्फुसे, महारोहिणी, श्वासनाल व ग्रसिका (घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी नलिका) ही वक्षगुहेतील प्रमुख इंद्रिये होत. स्नायुमय व संपूर्ण मध्यपटल हे सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य असून वक्ष व उदर या दोन गुहा पूर्णपणे विभक्त होणे त्यामुळेच शक्य झाले आहे. कीटकांच्या शरीराच्या मधल्या भागासही वक्ष म्हणतात; प्रस्तुत नोंदीत मानवी वक्षाचाच विचार केला आहे.

वक्षाच्या रचनेवर परस्परविरोधी अशा दोन गरजांचा ठसा आहे. आतील नाजूक इंद्रियांच्या संरक्षणासाठी भित्ती कठीण असावी लागते, तर श्वसनासाठी तीच भित्ती मिनिटाला १२ ते १६ वेळा प्रसरण व आकुंचन पावावी लागते. कवटीसारखी अखंड पेटी पहिली गरज भागविते, दुसरी नाही. उदराची स्नायुमय भित्ती दुसरी भागविते, पहिली नाही. अस्थी, उपास्थी (कूर्चा) व स्नायू यांच्या आळीपाळीने केलेल्या जुळणीमुळे वक्षात दोन्ही गोष्टी साधल्या आहेत.

अस्थिपंजर : वक्षाचा सांगाडा मागील बाजूस १२ वक्षीय कशेरुका (मणके), बाजूंस बरगड्यांच्या (पर्शुकांच्या) १२ जोड्या व त्यांच्या उपास्थी आणि पुढे उरोस्थी यांचा बनलेला असतो. त्याचा आकार वर निमुळत्या व खाली रुंद होत गेलेल्या पिंजऱ्यासारखा असतो. प्रौढात तो पुढून मागे चपटा असतो. तान्ह्या मुलात मात्र त्याचा आडवा छेद जवळजवळ वर्तुळाकार असून बरगड्याही आडव्या असतात. म्हणून तान्ह्या मुलाचे श्वसन मुख्यतः मध्यपटलाच्या हालचालीने होते आणि श्वास घेताना त्याचे पोट वरखाली होताना दिसते.

प्रत्येक बरगडी मागे कशेरुकेशी सांध्याने जोडलेली असते. वरच्या सात जोड्या आपापल्या उपास्थींनी उरोस्थीस थेट जोडलेल्या असल्याने त्यांना खऱ्या बरगड्या म्हणतात. आठवी, नववी व दहावी यांच्या उपास्थी वरच्या बरगडीच्या उपास्थीस मिळतात. अकरावी व बारावी यांची पुढील टोके मोकळी राहून उदरभित्तीच्या स्नायूंत संपतात, म्हणून त्यांना तरत्या बरगड्या हे नाव आहे. बरगडी आडवी नसून मागून पुढे उतरती असते. तिचे पुढील टोक मागील टोकापेक्षा बरेच खाली असते. श्वसनाच्या यंत्रणेत या उताराला फार महत्त्व आहे.

उरोस्थी सु. १५ ते १७ सेंमी. लांब व चपटी असून तिचे हस्तक (वरचा रुंद भाग), काय (मधला लांब भाग) व असिरूप प्रवर्ध (खालचे टोक) असे तीन भाग असतात. हस्तक व काय जेथे जुळतात तेथे एक आडवा उंचवटा बोटाला सहज लागतो. यास उरोस्थि-कोन म्हणतात. दुसऱ्या बरगडीची उपास्थी नेमकी याच पातळीवर जोडलेली असते. पहिली बरगडी जत्रुकास्थीमागे (गळ्याच्या हाडामागे) झाकलेली असल्याने बरगड्यांची मोजणी तिच्यापासून करता येत नाही. ती या उंचवट्याजवळील दुसऱ्या बरगडीपासून करतात.

आंतरपर्शुक अवकाश : लागोपाठच्या दोन बरगड्यांमधील जागेस आंतरपर्शुक अवकाश म्हणतात. असे अकरा अवकाश प्रत्येक बाजूस असून ते स्नायूंच्या तीन थरांनी भरलेले असतात. सर्वांत आतील व मधला या थरांमधून नीला, रोहिणी व तंत्रिका (मज्जा) याच क्रमाने वरून खाली, वरच्या बरगडीच्या खालच्या कडेलगतच्या खोबणीतून जातात. ही मांडणी ध्यानात ठेवूनच छातीतील पाणी, पू किंवा हवा काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात. ती वरच्या बरगडीखालून घातल्यास रोहिणीस इजा होऊन छातीतच रक्तस्राव होण्याचा धोका असतो. नागीण या रोगात पुरळ छातीच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे उठते, याचे कारणही येथेच आहे : रोगाचे विषाणू एका तंत्रिकेच्या मुळाशी सुप्त राहून त्याच तंत्रिकेच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतात.

वक्षद्वारे : वक्षाचे वरचे द्वार पहिली वक्षीय कशेरुका, पहिल्या बरगड्यांची जोडी व उरोस्थीची वरची कड यांनी मर्यादित झालेले असते. ते पुढून मागे सु. ५ सेंमी. व आडवे सु. १० सेंमी. असते. एवढ्या लहान जागेतून श्वासनाल, ग्रसिका, डोके व हात यांकडे जाणाऱ्या व तेथून येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि महत्त्वाच्या तंत्रिका जातात. हे द्वार पुढे उतरते असल्याने फुप्फुसाचे शिखर जत्रुकास्थीच्या आतील तृतीयांशाच्या वर सु. २.५ सेंमी.पर्यंत मानेच्या मुळाशी आलेले असते. त्यामुळे मानेच्या खालच्या भागातील भोसकल्याची जखम फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते. तसेच तेथील नीलेत सुई घालतानाही फुप्फुसाला छिद्र पडण्याचा संभव असतो. काही थोड्या व्यक्तींत मानेच्या सातव्या कशेरुकेपासून जादा बरगडी निघालेली असते. तिच्या दाबामुळे हाताला मुंग्या येणे, अशक्तपणा किंवा हाताचा रक्तपुरवठा कमी होणे ही लक्षणे उद्‌भवू शकतात.

मध्यपटल : वक्षाचे खालचे द्वार घुमटाकार मध्यपटलाने बंद केलेले असते. त्याच्या कडा स्नायुमय व मध्यभाग कंडरामय (तंतुमय) असतो. यकृत उजवीकडे असल्याने उजवा घुमट डाव्यापेक्षा किंचित उंच असतो. मध्यपटलात तीन मोठी छिद्रे असतात : अधोमहानीलेसाठी आठव्या, ग्रसिकेसाठी दहाव्या आणि महारोहिणीसाठी बाराव्या वक्षीय कशेरुकेच्या पातळीवर. महानीलेचे छिद्र कंडरामय भागात असल्याने श्वास घेताना ते आवळले जात नाही, उलट ताणले जाते व रक्त हृदयाकडे सुलभपणे येते. ग्रसिकेभोवती मात्र स्नायुतंतूंचा वेढा असून जठरातील अन्न व अम्ल वर येण्यास त्याने प्रतिबंध होतो. हे छिद्र सैल झाल्यास जठराचा काही भाग वक्षात सरकू शकतो.

मध्यपटलाचे चलन करणारी तंत्रिका मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मेरुतंत्रिकांपासून निघते. गर्भावस्थेत मध्यपटलाचा प्रारंभ मानेच्या भागात होतो व नंतर ते खाली उतरताना आपली तंत्रिका सोबत घेऊन येते, असा याचा खुलासा आहे. याचे दोन महत्त्वाचे परिणाम होतात. मेरुरज्जूस तिसऱ्या ग्रैव कशेरुकेच्या वर इजा झाल्यास श्वसन थांबते. तीच इजा सहाव्याच्या खाली असल्यास हातपाय लुळे पडले तरी मध्यपटलाच्या जोरावर रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो. दुसरे असे की, पित्ताशयाच्या दाहाने किंवा प्लीहा फुटल्याने मध्यपटलाचा प्रक्षोभ झाला, तर वेदना खांद्यावर जाणवते, कारण खांद्याच्या त्वचेच्या संवेदनाही मेरुरज्जूच्या त्याच भागात पोहोचतात.

श्वसनाची यंत्रणा : श्वास आत घेताना वक्षाची पोकळी तीन दिशांनी वाढते. मध्यपटल आकुंचन पावून सपाट झाल्याने उंची वाढते. शांत श्वसनात ते सु. १.५ सेंमी. खाली येते. वरच्या बरगड्या उचलल्या गेल्या म्हणजे उरोस्थी हातपंपाच्या दांड्याप्रमाणे पुढे व वर जाते आणि पुढून मागील अंतर वाढते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाहेर व वर उचलल्या जातात आणि रुंदी वाढते. बरगड्या उतरत्या नसत्या, तर त्या उचलल्याने पोकळीत वाढ झालीच नसती. जुनाट फुप्फुसविकारात छाती पिंपासारखी फुगून बरगड्या कायमच्या आडव्या होतात. अशा रुग्णाला प्रत्येक श्वासासाठी मानेचे स्नायू ताणावे लागतात, ते यामुळेच. शांत श्वसनात प्रत्येक वेळी सु. ५०० मिलि. हवा आत येते. उच्छ्‌वास मात्र बहुतांशी स्नायूंच्या प्रयत्नाविना, फुप्फुसाच्या स्थितिस्थापकतेमुळे घडून येतो.

परिफुप्फुस व फुप्फुसे : प्रत्येक फुप्फुसाभोवती परिफुप्फुस नावाचे दुपदरी पातळ आवरण असते. आतील पदर फुप्फुसाला व बाहेरील पदर भित्तीला चिकटलेला असून दोहोंमध्ये द्रवाचा अगदी पातळ थर असतो. या जागेतील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी असतो. ओल्या केलेल्या दोन काचा एकमेकींवरून घसरतात, परंतु ओढून वेगळ्या होत नाहीत. तसेच फुप्फुसही भित्तीबरोबर ताणले जाते, तरी तिच्यावरून सरकू शकते. या जागेत हवा शिरली की हा संबंध तुटतो व फुप्फुस आपल्याच स्थितिस्थापकतेने आक्रसते. या अवस्थेस वातवक्ष म्हणतात.

परिफुप्फुसाची खालची सीमा फुप्फुसाच्या सीमेपेक्षा सु. दोन बरगड्या खाली असते. शांत श्वसनात फुप्फुसाची खालची कड मध्यजत्रू रेषेवर (जत्रुकास्थीच्या मध्यातून खाली काढलेली उभी रेषा) सहाव्या, मध्यकक्ष रेषेवर (काखेच्या मध्यातून जाणारी उभी रेषा) आठव्या व पाठीस दहाव्या बरगडीशी असते, तर परिफुप्फुसाची अनुक्रमे आठव्या, दहाव्या व बाराव्या बरगडीशी. मधल्या रिकाम्या खाचेत खोल श्वासाच्या वेळी फुप्फुस उतरते. रोगावस्थेत पाणी प्रथम येथेच साठते.

उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. श्वासनाल १० ते १२ सेंमी. लांब असून उरोस्थि-कोनाच्या पातळीवर तिचे दोन श्वसनींत विभाजन होते. उजवी श्वसनी सु. २.५ सेंमी. लांब, अधिक रुंद व अधिक उभी असते; डावी सु. ५ सेंमी. लांब व अधिक तिरपी असते. त्यामुळे लहान मुलाच्या श्वासमार्गात गेलेला शेंगदाणा किंवा चिंचोका बहुधा उजवीकडे आढळतो [⟶ फुप्फुस].

मध्यावकाश : दोन्ही फुप्फुसांच्या दरम्यान, उरोस्थी ते कशेरुका एवढ्या भागास मध्यावकाश म्हणतात. उरोस्थि-कोनातून मागे चौथ्या वक्षीय कशेरुकेच्या खालच्या कडेपर्यंत कल्पिलेल्या प्रतलाने त्याचे ऊर्ध्व व अधर असे भाग होतात. अधर भागाचे पुन्हा अग्र, मध्य व पश्च असे तीन उपविभाग करतात. मध्य भागात परिहृदयाने वेढलेले हृदय असते. त्याचा सु. दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे असून त्याच्या टोकाचे ठोके डाव्या पाचव्या आंतरपर्शुक अवकाशात, मध्यरेषेपासून सु. ९ सेंमी. अंतरावर हाताला लागतात. पश्च भागात महारोहिणी, ग्रसिका व वक्षीय लसीकावाहिनी असतात. बालपणी मोठी असणारी यौवनलोपी ग्रंथी ऊर्ध्व व अग्र भागांत असून वयात आल्यानंतर ती हळूहळू आक्रसते [⟶ हृदय].

स्वरयंत्राकडे जाणारी डावी तंत्रिका वक्षात उतरून महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते व पुन्हा मानेत जाते. म्हणूनच आवाज दीर्घकाळ घोगरा राहिल्यास केवळ घसा तपासून भागत नाही. फुप्फुसातील अर्बुद (गाठ), लसीका ग्रंथींची वाढ किंवा फुगलेली महारोहिणी ही कारणेही शोधावी लागतात.

इजा : खालच्या बरगड्या वक्षाइतक्याच उदराच्याही रक्षक आहेत. मध्यपटल घुमटाकार असल्याने उजवीकडे यकृत व डावीकडे प्लीहा त्यांच्या आड असतात. डावीकडील नवव्या ते अकराव्या बरगड्या मोडल्या असता प्लीहा फुटल्याची शंका घ्यावी लागते. लगतच्या तीन वा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्यास भित्तीचा तेवढा तुकडा सुटा होऊन श्वास घेताना आत व सोडताना बाहेर, म्हणजे उलट दिशेने हलतो. वातवक्षात हवा आत जात राहिली व बाहेर पडू शकली नाही, तर दाब वाढून मध्यावकाश विरुद्ध बाजूस ढकलला जातो, हृदयाकडे येणारे रक्त अडते व काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी क्ष-किरण चित्राची वाट न पाहता दुसऱ्या अवकाशात मध्यजत्रू रेषेवर किंवा प्रौढांत चौथ्या वा पाचव्या अवकाशात मध्यकक्ष रेषेच्या किंचित पुढे सुई घालून हवा बाहेर सोडतात. त्यानंतर पाण्याखाली तोंड असलेली नळी बसवितात. त्यामुळे हवा बाहेर जाते, परंतु आत येऊ शकत नाही.

छातीची लवचिकता जीव वाचविण्याच्या कामीही येते. डब्ल्यू. बी. कौवेनहोव्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात केलेल्या कार्यातून १९६० मध्ये असे दाखविले की, छाती न उघडताही उरोस्थी लयबद्ध दाबून थांबलेल्या हृदयाचे कार्य तात्पुरते चालविता येते. प्रौढांत उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी. खोल दाब देण्याची पद्धत आज रूढ आहे. दाब असिरूप प्रवर्धावर पडल्यास यकृतास इजा होऊ शकते.

इतिहास : चरकसंहितेत बरगड्यांची संख्या २४ दिली असून त्यांच्या खोबणी व गाठी प्रत्येकी २४ अशा वेगळ्या मोजल्या आहेत. सुश्रुतसंहितेत प्रेत पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे व नंतर कुंचल्याने हळूहळू खरवडून एकेक थर पाहावा, अशी पद्धत सांगितली आहे. यूरोपात गेलेन यांनी प्राण्यांच्या विच्छेदनावरून उरोस्थीचे सात भाग मानले होते. आंड्रेआस व्हेसेलिअस (१५१४–६४) यांनी १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्यक्ष मानवी विच्छेदनावरून ते तीनच असल्याचे दाखविले. विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाची उपपत्ती मांडली.

जिवंत माणसाच्या छातीत काय चालले आहे हे जाणण्याची साधने यानंतर आली. व्हिएन्नातील लेओपोल्ट आउएनब्रुगर (१७२२–१८०९) यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या नादावरून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खानावळचालक होते. पिंपातील मद्याची पातळी ठोकून पाहण्याच्या रिवाजावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. फ्रान्समधील रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोप शोधला व १८१९ मध्ये छातीतील ध्वनींवर ग्रंथ लिहिला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. शस्त्रक्रियेसाठी छाती उघडताच फुप्फुस आक्रसते, ही अडचण मात्र दीर्घकाळ कायम होती. फेर्डिनांट झाउअरब्रुख (१८७५–१९५१) यांनी १९०४ मध्ये रुग्णाचे डोके बाहेर व धड कमी दाबाच्या खोलीत ठेवून तिच्यावर उपाय काढला. पुढे श्वासनालेत नळी घालून दाबाखाली हवा देण्याची सोपी पद्धत आल्यावर ही खोली मागे पडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिली हृदयारोपण शस्त्रक्रिया केली. मात्र रुग्ण काही तासच जगला.

अध्ययन : भारतात आधुनिक पद्धतीच्या शवविच्छेदनाचा प्रारंभ १८३६ मध्ये कलकत्ता येथील वैद्यकीय महाविद्यालयात झाला, त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी पुढाकार घेतला होता. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. बेवारस प्रेते अध्ययनासाठी मिळण्याची कायदेशीर तरतूद मुंबई शारीर अधिनियम, १९४९ याने केली. स्वेच्छेने केलेल्या देहदानामुळे या कार्याला मोठा हातभार लागला आहे. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनास आरंभ करण्यापूर्वी विद्यार्थी देहदात्याप्रती आदर राखण्याची शपथ घेतात.

वक्षाचा अभ्यास वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी होतो. विच्छेदन, सुट्या अस्थी, जतन केलेले नमुने व क्ष-किरण चित्रे यांबरोबरच विद्यार्थ्यांनी एकेक विषय तयार करून वर्गापुढे मांडण्याची पद्धतही प्रचलित आहे. २०१९ पासून भारतात लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनावर व पहिल्या वर्षापासूनच रुग्णाशी संबंध जोडण्यावर भर आहे. त्यामुळे अशा मांडणीत केवळ भागांची नावे सांगून काम भागत नाही. पाणी काढण्याची सुई कोठे व का घालावी, घोगऱ्या आवाजाचा छातीशी काय संबंध, यांसारख्या प्रश्नांतून रचना उलगडून दाखवावी लागते.

या मांडणीचे एक महत्त्वाचे अंग म्हणजे पृष्ठीय शारीर, म्हणजे आतील इंद्रियांच्या सीमा त्वचेवर रेखाटणे. सहाध्यायाच्या छातीवर उरोस्थि-कोन शोधून दुसरी बरगडी निश्चित करणे, तेथून खाली मोजत हृदयाच्या टोकाची जागा दाखविणे, हृदयाच्या झडपांचे ध्वनी कोठे ऐकावयाचे ते सांगणे हे त्याचे टप्पे होत. झडपांच्या प्रत्यक्ष जागा व त्यांचे ध्वनी स्पष्ट ऐकू येण्याच्या जागा वेगळ्या असतात, कारण ध्वनी रक्तप्रवाहाच्या दिशेने वाहून नेला जातो. संगणकीय छेदचित्रे वाचताना आणखी एक संकेत लक्षात ठेवावा लागतो : आडवा छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्याप्रमाणे मांडलेला असतो, म्हणून चित्राची डावी बाजू ही रुग्णाची उजवी बाजू असते.

प्रेतातील वक्ष व जिवंत वक्ष यांत फरक असतो, हेही विद्यार्थ्यास शिकावे लागते. प्रेतात फुप्फुसे आक्रसलेली व मध्यपटल वर चढलेले असते. जिवंत व्यक्तीत सीमा प्रत्येक श्वासाबरोबर, तसेच उभे राहण्याने, आडवे होण्याने व वयोमानाने बदलतात. पुस्तकात दिलेली पातळी ही सरासरी असते. प्रत्येक रुग्णात ती बोटांनी मोजून व ठोकून पडताळून पाहण्याची सवय लागणे, हेच वक्षाच्या अध्ययनाचे प्रमुख उद्दिष्ट होय.